न सापडलेल्या ओळी

बेळगावहून वेंगुर्ला रस्त्याने निघाले की हिंडलगा, सुळगा, तुरमुरी, बाची अशी गावे मागे पडतात आणि शिनोळीला महाराष्ट्राची हद्द लागते. त्या पट्ट्यातल्या एका गावच्या दूध संस्थेत मी संगणकाच्या कामासाठी सकाळी जाऊन बसले होते. दहा दिवसांचे बिल नुकतेच लागले होते आणि सकाळचे दूध घालून झालेली माणसे रिकाम्या किटल्या हातात घेऊन काउंटरपाशी थांबली होती. ओल्या फरशीचा, दुधाचा आणि धुण्याच्या सोड्याचा मिळून एक वास अशा खोलीत कायम असतो, तो होता. रांगेतल्या एक बाई पुढे आल्या, पदराच्या टोकाची गाठ सोडून त्यांनी चिठ्ठ्यांची घडी काउंटरवर ठेवली आणि सेक्रेटरींना म्हणाल्या, ‘‘दूध तर रोज घातलंय की हो. मग माझंच बिल कसं काय नाही लागलं?’’ सेक्रेटरींनी पडद्यावर पाहिले, सभासद क्रमांक पुन्हा विचारला, पुन्हा पाहिले. ‘‘नाव आहे मावशी, पण वरून बिलच आलेलं नाही. संघात विचारायला लागेल.’’ बाईंनी आवाज चढवला नाही. त्यांनी चिठ्ठ्या एकेक करून हाताने सरळ केल्या आणि ओळीने मांडल्या. प्रत्येकीवर तारीख, सकाळ की संध्याकाळ, लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) छापलेले होते, आणि म्हशीच्या दुधाला शोभेल असा सात-साडेसातचा फॅट होता. दूध गेले होते, मोजले गेले होते, टँकरमध्ये ओतलेही गेले होते. त्याचा हिशेब तेवढा वाटेत कुठेतरी नाहीसा झाला होता, आणि तो कुठे नाहीसा झाला हे त्या खोलीतल्या कोणालाच सांगता येत नव्हते.

उत्तर मिळाले ते संघाच्या, म्हणजे गावोगावच्या संस्थांचे दूध एकत्र घेणाऱ्या संस्थेच्या, रात्रीच्या डेटा पाइपलाइनमध्ये, म्हणजे आलेली माहिती टप्प्याटप्प्याने पुढे नेणाऱ्या कामांच्या साखळीत. गावोगावच्या संस्थांमधून संकलनाच्या फायली येतात. प्रत्येक ओळीतला संस्था क्रमांक आणि सभासद क्रमांक घेऊन मुख्य टेबलातून त्या माणसाचे नाव आणि बँक खाते शोधले जाते, मग दरपत्रकातून दर शोधला जातो आणि शेवटी बिल तयार होते. या शोधण्याच्या टप्प्याला डेटाबेस लुकअप म्हणतात. त्या बाईंच्या यजमानांच्या निधनानंतर खाते त्यांच्या नावावर झाले, त्यांना नवा सभासद क्रमांक मिळाला, आणि तो मुख्य टेबलात चढवताना त्याच्या शेवटी एक रिकामी जागा चिकटून आली. डोळ्यांना ती दिसत नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या जुन्या कोलेशनांमध्ये, म्हणजे अक्षरे कशी ताडायची याच्या नियमांमध्ये, दोन शब्दांची तुलना करताना शेवटची रिकामी जागा धरली जात नाही, म्हणून आधीची बिले बिनबोभाट लागत होती. नंतर पाइपलाइनचा वेग वाढावा म्हणून कोणीतरी ‘लोड ऑल डेटा फ्रॉम टेबल’ हा पर्याय चालू केला. आता सगळे टेबल आधी मेमरीत येत होते आणि तुलना डेटाबेसच्या नियमांनी न होता अक्षर न् अक्षर होत होती. रिकामी जागा हेही एक अक्षरच. सभासद सापडला नाही, आणि ‘डू नॉट पास द रो इफ द लुकअप फेल्स’ या चौकटीत खूण असल्यामुळे ती ओळ पुढे गेली नाही. कुठेही लाल अक्षर उमटले नाही. लॉगच्या शेवटी पाइपलाइन यशस्वीपणे पूर्ण झाल्याचीच नोंद होती.

यशस्वीपणे पूर्ण, हे त्या लॉगमधले शब्द मला फार टोचले.

हे काम पेंटाहो डेटा इंटिग्रेशनवर चालते; जुनी माणसे त्याला अजूनही केटल म्हणतात. बेल्जियमच्या मॅट कास्टर्स यांनी लिहिलेले हे साधन २००५ च्या अखेरीस मुक्तस्रोत झाले, पुढच्या वर्षी पेंटाहोकडे आले, २०१५ मध्ये हिताचीने पेंटाहोच विकत घेतली आणि त्याच मुळातून फुटलेले अपाची हॉप आता स्वतंत्रपणे वाढते आहे. मालक बदलले तरी लुकअपची मांडणी जिथे भरतात ती खिडकी फारशी बदललेली नाही. वर कनेक्शन, स्कीमा आणि टेबल. त्याखाली कॅशेचे, म्हणजे टेबलातली माहिती मेमरीत ठेवून घेण्याचे, पर्याय. मग दोन जाळ्या: पहिलीत कशावरून शोधायचे, म्हणजे टेबलातले फील्ड, तुलनेचे चिन्ह आणि आपल्या ओळीतले फील्ड, दुसरीत काय आणायचे, त्याला नवे नाव काय द्यायचे, आणि सापडले नाही तर त्या जागी कोणते मूल्य ठेवायचे. अगदी तळाशी दोन चौकटी आणि एक ‘ऑर्डर बाय’. शिकवणारे लोक वरच्या भागावर तासभर बोलतात आणि तळाशी आले की घड्याळ पाहतात. माझे मत याच्या उलट झाले आहे. टेबल चुकले तर पाइपलाइन पहिल्याच मिनिटाला ओरडते. तळाच्या चौकटी चुकल्या तर ती काहीच बोलत नाही, आणि मग बोलावे लागते ते काउंटरपाशी उभ्या असलेल्या माणसाला.

माझे आजोबा अशाच एका दूध संस्थेचे सेक्रेटरी होते. त्यांच्याकडे लांब, लाल कापडी पाठीचे रजिस्टर होते आणि त्याची पाने उलटताना ते अंगठ्याला जीभ लावत, त्यामुळे प्रत्येक पानाचा खालचा कोपरा तपकिरी झालेला असे. कधी कोणाचे पोर दुसऱ्याच्या घरची किटली घेऊन येई, कधी पाहुणा म्हणून आलेला जावई दूध घालून जाई आणि क्रमांक सांगता येत नसे. गर्दीच्या वेळी चौकशी करायला सवड नसायची. तेव्हा आजोबा रजिस्टरच्या शेवटच्या पानावर शिसपेन्सिलीने लिहीत: तारीख, वेळ, लिटर आणि जे काही माहीत असेल ते. ‘तळ्याकडचा, उंच पोरगा, दोन लिटर’ अशी नोंद मी स्वतः वाचली आहे. दिवसाच्या शेवटी सगळ्या पानांची बेरीज आणि त्या शेवटच्या पानाची बेरीज मिळून कॅनच्या मापाशी जुळलीच पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. जुळली नाही तर जेवायला उशीर होई. ते फार प्रेमळ होते असे मात्र मी म्हणणार नाही. बिल उशिरा मागायला आलेल्याला ते ताटकळत ठेवीत आणि काहींची नावे त्या शेवटच्या पानावर महिनोन्‌महिने पडून राहिल्याचेही घरात बोलले जाई. पण आलेले दूध वहीत कुठेतरी असलेच पाहिजे, या एका गोष्टीवर त्यांनी कधी तडजोड केली नाही.

लुकअपची मांडणी करताना मी आता त्या शेवटच्या पानापासून सुरुवात करते. ‘डू नॉट पास’ची चौकट मोकळी ठेवायची. न सापडलेल्या ओळीसाठी डीफॉल्ट म्हणून अशी खूण द्यायची, जी खऱ्या माहितीत कधीच येऊ शकणार नाही. मग लगेच पुढे ‘फिल्टर रोज’ ही ओळी वेगळ्या काढणारी स्टेप लावून खूण असलेल्या ओळी वेगळ्या टेबलात वळवायच्या. आणि शेवटी बेरीज: आलेले लिटर बरोबर सापडलेल्या ओळींचे लिटर अधिक न सापडलेल्या ओळींचे लिटर. ही बेरीज जुळली नाही तर पाइपलाइनने थांबले पाहिजे. ओळी मोजणे पुरत नाही, लिटर मोजावे लागतात, कारण एक ओळ गळून दुसरी दुप्पट झाली तर ओळींचा आकडा तोच राहतो.

डीफॉल्टच्या रकान्याबद्दल थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण वगळण्यापेक्षाही तो घातक ठरू शकतो. दर सापडला नाही तर शून्य धरा, असे लिहिलेली मांडणी मी पाहिली आहे. तिच्यातून बिल निघते, त्यावर नाव असते, लिटर असतात आणि रक्कम शून्य असते. माणूस यादीत असतो म्हणून कोणाला शंकाही येत नाही. गाव सापडले नाही तर ‘बेळगाव’ धरा, अशीही एक मांडणी होती. लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हते, रिकामा रकाना अहवालात बरा दिसत नाही एवढेच. पण त्या एका शब्दाने खेड्यापाड्यांतले कितीतरी दूध कागदोपत्री शहरात आणून ओतले आणि गावनिहाय आकडे पाहून कुठे बल्क कूलर (दूध थंड ठेवण्याची मोठी टाकी) बसवायचा हे ठरवणाऱ्यांना उलटे चित्र दाखवले. न सापडणे दिसत राहते, म्हणून कधीतरी दुरुस्त होते. खोटे सापडणे शोधायला कोणी जात नाही.

गावांच्या नावांचा प्रश्न आमच्या भागात विशेष अवघड आहे. एकाच गावाचे नाव संस्थेच्या शिक्क्यावर मराठीत, रेशन कार्डावर कन्नडमध्ये आणि बँकेच्या पासबुकावर इंग्रजी लिपीत असते, आणि इंग्रजीतही दोन बँकांचे स्पेलिंग एक नसते. १ नोव्हेंबर २०१४ पासून जिल्ह्याचे सरकारी नाव बेळगावी झाले, तरी त्याआधीची कागदपत्रे जुन्याच नावाने बोलतात. २०११ च्या जनगणनेचे सारे तक्ते त्यांत आले. संगणकात अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या पद्धतीत देवनागरी आणि कन्नड अक्षरे बहुतांशी एकाच क्रमाने मांडलेली आहेत, त्यामुळे एका लिपीतून दुसरीत यंत्राने जाणे सोपे वाटते. प्रत्यक्षात कन्नडमधले ऱ्हस्व आणि दीर्घ एकार मराठीत आले की एक होऊन बसतात, आणि परत जाताना कोणता घ्यायचा हे यंत्राला कळत नाही. म्हणून नावावरून शोधण्याचा हट्ट सोडून केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतला गावाचा क्रमांक धरावा, या मताची मी झाले आहे. नाव माणसांनी वाचावे, शोध क्रमांकाने व्हावा.

तरीही क्रमांक हाताशी नसलेल्या ओळी येतच राहतात, आणि मग दुसरी अडचण उभी राहते: एकाच्या ऐवजी दोन सापडणे. वेंगुर्ला रस्त्यावरचे सुळगा आणि येळ्ळूरजवळचे सुळगे इंग्रजीत लिहिले की बहुधा एकच होतात. कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द, बाळेकुंद्री बुद्रुक आणि बाळेकुंद्री खुर्द यांतला मागचा शब्द फॉर्म भरणारा घाईत गाळतो. डेटाबेस लुकअपचा स्वभाव असा की आलेल्या एका ओळीमागे तो एकच ओळ आणतो. दोन जुळल्या तर जी पहिली हाती लागेल ती उचलतो, आणि पहिली कोणती हे ‘ऑर्डर बाय’ लिहिले नसेल तर डेटाबेसच्या मर्जीवर अवलंबून राहते. सगळ्या जुळणाऱ्या ओळी हव्या असतील तर ‘डेटाबेस जॉइन’ ही वेगळी स्टेप आहे, पण तिथे बिल दुप्पट होण्याचा धोका आहे. ‘फेल ऑन मल्टिपल रिझल्ट्स’ ही चौकट चालू केली तर दोन सापडताच सगळे काम थांबते. पहाटे एका सुळग्यापायी सगळ्या गावांचे बिल अडले की संघातून फोन येतो, आणि फोन करणाऱ्याचे म्हणणेही खोटे नसते, कारण बाकीच्यांचाही हप्ता आहे, पेंडीचे पैसे द्यायचे आहेत. तरी मी ही चौकट चालू ठेवण्याच्या बाजूची आहे, निदान खाते शोधण्याच्या लुकअपमध्ये. एकाचे दूध दुसऱ्याच्या खात्यावर जमा झाले तर ते परत काढून आणण्यासाठी दोन घरांमध्ये जे बोलणे होते, ते मी ऐकलेले आहे.

दराच्या लुकअपची गोष्ट वेगळी, आणि मला ती मनापासून आवडते. म्हशीच्या दुधाचा दर ६.० फॅट आणि ९.० एसएनएफला जाहीर होतो, गायीच्या दुधाचा ३.५ आणि ८.५ ला, त्यावर-खाली प्रत्येक दशांशाला दरपत्रकात वेगळी ओळ असते. इथे बरोबरीच्या चिन्हाने शोधले तर फसगत होते, कारण दशांश अपूर्णांक संगणकात जसे दिसतात तसे साठवलेले नसतात आणि पडद्यावरचे दोन ७.२ आतून किंचित वेगळे असू शकतात. फॅटला दहाने गुणून, गोल करून पूर्णांक करावा आणि ७२ ला ७२ शी जुळवावे, हा साधा उपाय आहे. दर कधीपासून लागू हेही पाहावे लागते. पहिल्या जाळीत ‘लागू तारीख’ संकलनाच्या तारखेपेक्षा लहान किंवा समान आणि ‘शेवटची तारीख’ मोठी किंवा समान अशा दोन ओळी लिहाव्या लागतात. चालू दराची शेवटची तारीख बहुतेक ठिकाणी रिकामी सोडलेली असते, आणि एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत रिकाम्या मूल्याशी केलेली कोणतीही तुलना खरी ठरत नाही; म्हणजे आजचाच दर सापडत नाही. तिथे दूरची एखादी तारीख घालून ठेवावी लागते. तालुक्यांच्या टेबलालाही असाच काळाचा रकाना हवा. निपाणी पूर्वी चिकोडी तालुक्यात होते आणि कागवाड अथणीत. जुन्या वर्षाचा अहवाल आजच्या टेबलातून काढला तर त्या काळी नसलेले तालुके त्यात दिसू लागतात.

कॅशेविषयी लोक विचारतात तेव्हा मी आधी एवढेच विचारते की पाइपलाइन चालू असताना ते टेबल दुसरे कोणी बदलते का. बदलत असेल तर कॅशे बंद ठेवावी आणि शोधाच्या फील्डवर इंडेक्स, म्हणजे चटकन शोधण्यासाठीची सूची, आहे ना ते पाहावे. बहुतेक वेळा हळूपणाचे कारण तिथेच सापडते. बदलत नसेल तर खुशाल चालू करावी, मात्र त्याआधी दोन्ही बाजूंच्या रिकाम्या जागा काढून, अक्षरे एकसारखी करून घ्यावीत, आणि चालू करण्याआधीची व नंतरची न सापडलेल्या ओळींची संख्या ताडून पाहावी. वेग मोजणारे पुष्कळ आहेत. ही दुसरी संख्या मोजणारे कमी भेटतात.

आमच्या सीमाभागातल्या माणसाला यादीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. खेडे हा घटक धरून, भाषिक बहुसंख्या आणि भौगोलिक सलगता पाहून सीमा ठरवा, हे म्हणणे ऐकत आमच्या दोन पिढ्या वाढल्या. आपले गाव कोणत्या यादीत आहे हे चौथीतल्या पोरालाही पाठ असायचे. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांपर्यंत नेली, तेव्हा आमच्या शेजारच्या काकांनी पहिला प्रश्न विचारला तो आजारांचा नव्हता. त्यांनी विचारले, ‘‘आपलं गाव त्यात कसं लिहिलंय?’’ त्यांच्या रेशन कार्डावरचे नाव आणि यादीतले नाव एकच आहे असे कोणी टेबलाशी बसलेला मानेल का, ही त्यांची चिंता होती. दोन सरकारांच्या वादात मला इथे शिरायचे नाही. पण कुठल्याही कार्यालयातली ती यादी शेवटी एका लुकअपमागचे टेबल असते आणि तिच्याशी जुळवण्याचे नियम कोणीतरी, बहुधा माझ्यासारख्याच कोणीतरी, एका खिडकीत बसून ठरवलेले असतात, हे कळल्यापासून मला त्या खिडकीसमोर घाई करवत नाही.

मावशींचे बिल पुढच्या हप्त्यात दोन्ही मिळून लागले. सेक्रेटरींनी फोनवर हे कळवले तेव्हा मला बरे वाटले आणि वाईटही, कारण त्या एका रिकाम्या जागेचा माग काढताना तशाच आणखी काही ओळी हाती आल्या होत्या, ज्यांच्या मालकांनी काउंटरवर येऊन विचारलेच नव्हते. काहींनी दूध कमी झाले असेल असे धरले असेल, काहींनी कर्जाच्या हप्त्यात कापले गेले असेल असे. विचारायला येण्यासाठी चिठ्ठ्या जपून ठेवाव्या लागतात आणि अर्धा दिवस मोडावा लागतो; दोन्ही सगळ्यांना जमत नाही.

संघातल्या लोकांशी बोलून आता न सापडलेल्या ओळींचे टेबल रोज सकाळी संबंधित संस्थेकडे जाते. त्यात तारीख, वेळ, लिटर, फॅट, आलेला क्रमांक जसाच्या तसा, आणि क्रमांकाच्या दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हे, म्हणजे रिकामी जागा असली तर डोळ्यांना दिसावी. सेक्रेटरी त्यापुढे नाव लिहून परत पाठवतात. गावात कोण कुठल्या क्रमांकाचे हे त्यांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक असते. दहाव्या दिवशी बिल काढण्याआधी ते टेबल रिकामे व्हावे असा माझा आग्रह होता. तो पूर्ण मान्य झाला नाही, कारण बाकीच्यांचे पैसे थांबवता येत नाहीत. शेवटी ठरले ते असे: बिल वेळेवर निघेल, पण न सापडलेले लिटर आणि त्यांची अंदाजे रक्कम प्रत्येक संस्थेच्या बिलाच्या पहिल्या पानावर, एकूण रकमेच्या लगेच खाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापली जाईल, आणि ते पान संस्थेच्या फलकावर लावले जाईल.